दोन औषधांमधली पाच मिनिटं

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत मी आणि माझा नवरा दिवसाउजेडी सलग पाच मिनिटं बोललो असू असं मला आठवत नाही.

आमच्यात भांडण नव्हतं. दुबलगुंडीचं घर माणसांनी भरलेलं होतं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची चार मुलं आणि आमची दोन वर्षांची मुलगी. कुणाचा जाचही नव्हता. फक्त नवरा-बायकोनं माणसांदेखत बोलायची रीत नव्हती. ह्यांना पाणी हवं असलं की ते भिंतीकडं बघून "पाणी" म्हणायचे आणि जी बाई जवळ असेल ती तांब्या पुढं करायची. कधी ती बाई मी असायची. एकमेकांना सांगायच्या गोष्टीसुद्धा आत्याबाईंमार्फतच जायच्या. मी मुडबीची, सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेली, माहेरी बोलकी म्हणून नावाजलेली. सासरी माझं बोलणं हळूहळू कामापुरतं उरलं. आत्याबाई माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायच्या आणि मी दोन्हीत "व्हय" म्हणायची.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी तूर चांगली आली होती. संक्रांत होऊन गेली होती आणि शेतात तूर बडवायचं काम चाललं होतं. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर हे खळ्याच्या कडेला एका हातानं उजवा डोळा दाबून बसलेले. बडवताना काडी उडून डोळ्यात गेली होती. जाऊबाईंनी पदराच्या टोकानं कचरा काढला, पाण्याचे हबके मारले. हे पुन्हा उठून कामाला लागले.

तीन दिवस डोळा लाल राहिला. पाणी गळत होतं, उजेड सहन होत नव्हता. आत्याबाई सकाळ-संध्याकाळ गुलाबपाणी घालत होत्या.

माझ्या ट्रंकेत एक औषधाची बाटली होती. माझ्या वडलांचे, अप्पांचे, डोळे दर उन्हाळ्यात खाजायचे आणि लालभडक व्हायचे. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना थेंब लिहून दिले होते. दोन दिवसांत लाली जायची. एकदा माझेही डोळे तसेच आले म्हणून अप्पांनी त्यातली एक बाटली मला दिली होती. ती निम्मी उरली होती.

चौथ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. हे आतल्या खोलीत अंधार करून पडले होते. मी बाटली घेऊन आत गेले.

"अप्पांच्या डोळ्याचं औषध हाय. घालू का?"

"घाल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डोळा निवळला. दुखणंही कमी झालं. आत्याबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की गुलाबपाण्याचा गुण आला. मी काही बोलले नाही. माहेरचं औषध सासरी वापरलं असं कळलं असतं तर चार दिवस तोच विषय झाला असता. मनातून मात्र मला फार बरं वाटत होतं. ह्यांच्यासाठी आपण आपल्या हातानं काहीतरी केलं होतं आणि त्याचा गुण आला होता. मी रोज सगळ्यांची नजर चुकवून तीन-चार वेळा थेंब घालत राहिले.

आठव्या दिवशी बुबुळावर मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मी थेंब वाढवले. दोन दिवसांत ठिपका पसरला, त्याच्या कडा कापसासारख्या पिंजलेल्या दिसायला लागल्या आणि दुखणं असं सुरू झालं की हे कपाळ भिंतीला टेकून बसायचे. हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून एकदाच बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "आजच्या आज गुलबर्ग्याला न्या. घरी परत जाऊ नका."

दीर आणि मी सोबत आलो होतो, पण दिरांचं खळं तसंच पडलं होतं. आत्याबाईंनी निरोप धाडला की तिला जाऊ दे, पोरीला मी बघते. असं त्या दिवशी, नेसत्या लुगड्यानिशी, मी ह्यांच्याबरोबर गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसले. लग्नानंतर आम्ही दोघंच कुठं निघालो असं ते पहिल्यांदाच घडत होतं. ह्यांनी तोंडावरून पंचा घेतला होता. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. औषधाची बाटली मी बाहेरगावी जायचं म्हणून सकाळीच कमरेच्या पिशवीत टाकली होती. बस हलेल तशी ती मला टोचत होती.

गुलबर्ग्याचे डोळ्यांचे डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे होते. ते आमच्याशी कानडीत बोलायचे, ते मी इथं माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यांनी डोळा बघितला, मागं सरकले आणि विचारलं, "आतापर्यंत ह्यात काय काय घातलं?"

"आधी गुलाबपाणी," हे म्हणाले. "मग हुमनाबादला दुकानातून मीच एक बाटली आणली होती."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते सरळ समोर बघत होते.

"कुठं आहे ती बाटली?"

"फेकली."

मला तिथं उभं राहवेना. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून चिठ्ठी वाचली, हलवून आत किती उरलंय ते पाहिलं. मग ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुकानाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

त्यांनी डोळा बधिर करायचे थेंब घातले, बारीक पात्यानं तो पांढरा ठिपका वरवर खरवडला आणि काचेच्या पट्टीवर घेतला. थोड्या वेळानं आम्हाला परत बोलावलं. दुर्बिणीखाली ती पट्टी होती. त्यांनी ह्यांना नाही, मला सांगितलं, "ये, बघ." मी एक डोळा मिटून बघितलं. फांद्या फुटलेले, गाठी असलेले बारीक धागे होते.

"ही बुरशी," डॉक्टर म्हणाले. "तुरीच्या काडीवर होती, मातीत असते. काडीनं डोळ्याला ओरखडा पडला आणि ती आत शिरली. आता ह्या बाटलीचं ऐका. हिच्यात दोन औषधं आहेत. एक जंतूंसाठी. ते जंतूला मारत नाही, त्याला वाढायला जे लागतं ते त्याच्या पोटात तयार होऊ देत नाही. वाढ थांबली की उरलेल्याचा बंदोबस्त आपलं रक्तच करतं. पण बुरशीला ते लागू पडत नाही. तुम्ही शेतकरी आहात. अळीचं औषध हरळीवर मारलं तर हरळी मरते का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"तसंच आहे. दुसरं औषध लाली आणि सूज उतरवतं. लाली म्हणजे अंग भांडत असल्याची खूण. ह्या औषधानं अंगाला भांडू दिलं नाही. तुम्हाला वाटलं, डोळा निवळला. आत बुरशीला मोकळं रान मिळालं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण अप्पांचा डोळा तर ह्यानंच बरा होतोय."

"होणारच," ते म्हणाले. "त्यांना खाजेचा आजार असेल, त्याला हेच चालतं. तेही डॉक्टरनं बघून, थोडे दिवस. वर्षानुवर्षं घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. औषध वाईट नाही, बाई. डोळा दुसरा होता."

आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. मी विचारलं, "खोटं कामून बोललात?"

त्यांनी तोंडावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाले, "तू काय मुद्दाम घातलीस? घरी बी असंच सांगायचं. दुकानातून मी आणली. तू तोंड उघडायचं न्हाई."

"मला सांगून टाकू द्या. मला हे पेलायचं न्हाई."

"पेलंल," ते म्हणाले. "डोळा माझा हाय. माझं ऐक."

सहा वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं ते.

बुरशीवर डोळ्यात घालायचं तयार औषध तेव्हा तिथं मिळत नव्हतं. डॉक्टरांनी ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि हैदराबादहून एक इंजेक्शन मागवलं. ते मुळात शिरेतून द्यायचं, अंगभर बुरशी पसरलेल्या रोग्यांसाठी. शिरेतून दिलं तर थंडी भरते, ताप येतो, मूत्रपिंडाला इजा होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यात थेंब घातले तर तो धोका नाही, पण डोळा जळणार. "हे औषध बुरशीच्या सालीला भोकं पाडतं," ते म्हणाले, "मग तिच्यातलं जे काही असेल ते गळून जातं आणि ती मरते. आपल्या डोळ्यालाही ते थोडं झोंबतंच. सोसावं लागेल."

इंजेक्शनच्या बाटलीतली ती पिवळी भुकटी पाण्यात विरघळवून तिचे थेंब करायचं काम दवाखान्याच्या औषधखोलीतले एक म्हातारे गृहस्थ करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. तीन-तीन दिवसांचं औषध एका तपकिरी बाटलीत भरून, तिला काळा कागद गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "अम्मा, इसकू उजाला नक्को दिखाना. ठंडे में रखना." मी विचारलं, घरी मिठाच्या पाण्यानं डोळे धुतात, तसल्या पाण्यात का नाही केलं? चाचा हसले. म्हणाले, मिठाच्या पाण्यात हे औषध दुधासारखं फाटतं, म्हणून नुसतं शुद्ध पाणी. मी एक मडकं आणलं, त्यात ओली वाळू भरली आणि बाटली त्यात पुरून मडकं ह्यांच्या खाटेखाली ठेवलं. दिवसातून तीनदा वाळू भिजवायची.

औषध तासातासाला घालायचं होतं. इतकं कशाला, असं ह्यांनी विचारलं तर डॉक्टर म्हणाले की डोळ्यात थेंब टिकतच नाही, पाच मिनिटांत पाणी त्याला धुऊन नेतं. नर्सबाईंच्या अंगावर सगळा वॉर्ड होता. त्यांनी मला शिकवलं. आधी साबणानं हात धुवायचे. खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत एकच थेंब टाकायचा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटायला लावायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. त्यानंतर पाच मिनिटं थांबायचं आणि दुसरं औषध घालायचं. ते जंतूंचं होतं, जखमेत आणखी कुणी शिरू नये म्हणून. मधे पाच मिनिटं सोडली नाहीत तर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. सकाळ-संध्याकाळ एक तिसरं औषध, त्यानं बाहुली मोठी व्हायची, आतले स्नायू सैल पडायचे आणि ठणका कमी व्हायचा. ते घातलं की ह्यांच्या तोंडाला कोरड पडायची.

पहिला थेंब पडला तेव्हा ह्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. तोंडातून आवाज काढला नाही. मी कोपरा दाबून मनात तीनशे आकडे मोजले आणि दुसरं औषध घातलं. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी मला ते बघवेना, म्हणून मी आकडे मोजायचं सोडलं आणि बोलायला लागले. तोंडात येईल ते बोलले. मुडबीच्या शाळेतल्या बाईंबद्दल, आमच्या विहिरीत पडलेल्या रेडकाबद्दल, माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा रागानं सगळा ज्वारीचा हुरडा शेजारच्या गाईला घातला त्याबद्दल. माझं बोट त्यांच्या नाकाजवळ, त्यांचा डोळा मिटलेला.

"मग त्या गाईला काय झालं?" त्यांनी विचारलं.

ते ऐकत होते हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर दवाखान्यातली तासाची घंटा वाजली की आधी औषध आणि मग बोलणं, असं चालू झालं. हळूहळू तेही बोलायला लागले. डोळा मिटलेला असल्यामुळं असेल, किंवा तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं म्हणून असेल. सोळाव्या वर्षी ते घरातून पळून सोलापूरला गेले होते आणि एका कापडाच्या गिरणीत आठ महिने होते, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिथं एका खोलीत नऊ जण राहायचे. तिथला एक जण बासरी वाजवायचा. आत्याबाई स्वतः जाऊन त्यांना परत घेऊन आल्या, आणि बसमधून उतरेपर्यंत लेकाशी बोलल्या नाहीत. "अजून बी बोलली न्हाई त्याबद्दल," ते म्हणाले. त्यांना शिकायचं होतं. मोठ्या भावाला एकट्याला शेती झेपणार नाही म्हणून ते राहून गेलं. मला बघायला आले होते तेव्हा मान वर करून त्यांनी मला बघितलंच नव्हतं. फक्त पोह्यांची बशी धरलेला हात बघितला, आणि बशी हलत होती म्हणून होकार दिला.

"हलत होती म्हणून?"

"म्हटलं, ही बी माझ्यासारखीच भ्यालीय."

एकदा ते एकदम म्हणाले, "दुसरा बी डोळा गेला तर?"

"तो कशाला जाईल?"

"समज गेला."

मी म्हणाले, "मी सांगत जाईन, काय काय दिसायलंय ते."

पाच मिनिटं होऊन गेली तरी मी दुसरं औषध घातलं नव्हतं, ते त्यांनीच आठवण करून दिलं.

लिहायला लाज वाटते, पण मी त्या दिवसांत सुखात होते. घरी दोन वर्षांची पोर होती. तिच्या आठवणीनं जीव तुटायचा. माझ्या हातानं नवऱ्याचा डोळा जायची वेळ आली होती, आणि तो वाचेल की नाही याचा पत्ता नव्हता. तरी सकाळी जाग आली की पहिला विचार हाच यायचा, आज दिवसभर बोलायचंय.

तिसऱ्या आठवड्यात ठिपक्याच्या पिंजलेल्या कडा बोथट झाल्या. डॉक्टर म्हणाले, बुरशी मागं हटायला लागली. पण डोळा पुन्हा लाल झाला होता, पापण्या सुजल्या होत्या, आणि वरची जखम भरून येत नव्हती. मी घाबरले. विचारलं, औषध अजून वाढवायचं का?

"उलटं आहे," डॉक्टर म्हणाले. "आता लाली आहे ती औषधाची. बुरशी मारेपर्यंत ते जोरात द्यावं लागतं, पण तेच नवी कातडी धरू देत नाही. कधी वाढवायचं हे कळणं सोपं, कधी कमी करायचं हे अवघड. आजपासून दोन तासांनी."

मी "व्हय" म्हणाले. बरी बातमी होती. मी खाटेपाशी आले, ह्यांना सांगितलं, तेही "बरं झालं" म्हणाले. मग घंटा वाजली आणि सवयीनं मी हात धुऊन आले. औषध घालायची वेळ नव्हती. मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. ह्यांनी डोळा मिटून घेतला होता, तो त्यांनी पुन्हा उघडला.

दोन तासांचे चार तास झाले, मग दिवसातून चार वेळा. औषधाशिवाय बोलायला बसणं आम्हाला जमलं नाही. मी त्यांच्याजवळ नुसती जाऊन बसले की शेजारच्या खाटेपाशी बसणारी बाई बघायची, आणि मी उठून मडक्यातली वाळू भिजवायला लागायची. पुढं कितीतरी वर्षं मी विचार केला की तेव्हा मी बसून का नाही राहिले. ती बाई माझी कोण लागत होती?

घरी सोडायच्या दिवशी चाचांनी शेवटची बाटली दिली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा वाचला, नजर नाही वाचली. बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहील. त्या बाजूचं हलतं-डुलतं कळेल, उजेड कळेल, माणूस ओळखू येणार नाही. ह्यांनी हात जोडले. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले आणि म्हणाले, "तुझे थेंब एकदाही चुकले नाहीत. चुकले असते तर डोळा काढावा लागला असता." त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच होतं, मला माहीत नाही. मी ते वाक्य कुणाला कधी सांगितलं नाही.

दुबलगुंडीला पोचलो तेव्हा मुलगी माझ्याकडं यायला तयार नव्हती. ती आत्याबाईंच्या पदराला धरून उभी राहिली. आत्याबाईंनी लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून तो पांढरा डोळा बघितला. मग विचारलं, "औषध कधी घालायचंय?"

"चार वेळा," मी म्हणाले. "आधी हे, मग पाच मिनिटं थांबून..."

"आण इकडं. मी घालते."

त्यांनी माझ्या हातातून बाटल्या घेतल्या. आई होत्या त्या, महिनाभर वाट बघत बसल्या होत्या. पुढचे वीस दिवस औषध त्यांनीच घातलं. मी चुलीपाशी बसून ऐकायची. त्या मधली पाच मिनिटं काही बोलायच्या नाहीत, नुसत्या तोंडानं देवाचं नाव घ्यायच्या. हेही गप्प असायचे.

त्यानंतर दहा-बारा वर्षं आमचा संसार चांगला झाला, ही गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. आम्हाला एक मुलगा झाला. वाटणी झाली, तीही तंट्याशिवाय. त्यांना उजव्या बाजूनं आलेलं माणूस ओळखू यायचं नाही, म्हणून मी कायम त्यांच्या डाव्या बाजूनं जायची. गाडीवर बैल हाकताना ते मान थोडी तिरपी करून बसायचे. पेल्यात पाणी ओतताना सुरुवातीला बाहेर सांडायचं, नंतर पेल्याच्या काठाला बोट लावून ओतायची सवय त्यांनी करून घेतली. मी एक-दोनदा सोलापूरची गोष्ट काढली. त्या बासरीवाल्याचं पुढं काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आता ते कुठं काढायलीस," आणि उठून बाहेर गेले. रागानं नाही. अंगणात दीर बसले होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून.

आत्याबाईंनी हुमनाबादच्या एका औषधदुकानाशी कायमचं वैर धरलं होतं. आपल्या लेकानं बाटली कुठून घेतली असेल याचा त्यांनी त्यांच्या मनानंच अंदाज बांधला होता. त्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायच्या आणि कानडीत दोन शब्द बोलायच्या. मी शेजारी चालत असायची. बिचाऱ्या दुकानदारानं आम्हाला कधी काही विकलंही नव्हतं.

एका सकाळी शेतात जाताना ह्यांच्या छातीत कळ आली आणि घरी आणेपर्यंत सगळं आटोपलं. पन्नाशीही गाठली नव्हती. चौदाव्याच्या नंतर पाहुणे पांगले तेव्हा मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. बाटली माझी होती, मुडबीहून आणलेली, तुमच्या नकळत मी घातली होती, दुकानदाराचा काही दोष नव्हता.

त्या वाती वळत होत्या. हातातली वात पुरी केली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "त्यानं मला सांगितलं न्हाई, म्हंजे त्याला सांगायचं नव्हतं. त्यानं इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तू आता कामून उघडायलीस?"

मी त्यांच्या वळलेल्या वाती गोळा करायला लागले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी स्वतः उठून मला ताट वाढलं. पुढं तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते दुकान मात्र त्यांना नंतर दिसेनासं झालं. म्हणजे त्या समोरून गेल्या तरी काही बोलायच्या नाहीत.

ह्यांच्या शेवटच्या वर्षातलं एक सांगायचं राहिलं. जमिनीच्या कागदांवर माझी सही हवी होती म्हणून आम्ही दोघं बीदरला गेलो होतो. काम अर्ध्या तासात झालं. परतीच्या बसला गर्दी नव्हती. ते खिडकीशी बसले, मी त्यांच्या डाव्या हाताला. गाव मागं पडलं आणि ते आपणहून बोलायला लागले. म्हैस घ्यावी म्हणत होते. मुलीला पुढं शिकवायचं म्हणत होते, गुलबर्ग्याला ठेवावं का, बोर्डिंग चांगलं असतं का, तिला करमेल का. मी म्हणाले, करमेल की. मग ते आणखी कितीतरी बोलले. रस्त्याकडेच्या पिकांबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, आणि मधेच एकदा हसून माझ्या हाताबद्दल काहीतरी म्हणाले, पण बसचा आवाज मोठा होता आणि मला ते नीट ऐकू आलं नाही. परत विचारायला मला संकोच वाटला. म्हटलं, घरी गेल्यावर विचारू.

मुलगी शिकली. म्हैसही घेतली होती त्यांनी, पावसाळ्याच्या आधी. ते काय म्हणाले होते, ते मात्र मी विचारलंच नाही.